गरीला मासा केव्हा लागतो?

वार्षिक परीक्षा संपली, की कोकणातल्या मुलांचे पाय आपोआप खाडीकडे वळतात. हातात तंगुसाची गुंडाळी, टोकाला गरी, तिच्यापासून वीतभर अंतरावर शिशाचा गोळा आणि करवंटीत थोडी कोळंबी. एवढ्या सामानावर सकाळच्या सकाळ निघून जाते. तुमच्यापैकी जे किनाऱ्याजवळ राहतात, त्यांनी एक गोष्ट नक्की पाहिली असेल. काल ज्या खडकावरून भराभर मासे लागले, त्याच खडकावर आज तीच गरी आणि तीच कोळंबी घेऊन दोन तास बसले, तरी आमिषाला कोणी तोंड लावत नाही. मग आपण म्हणतो, "आज नशीब नाही!"

नशिबाचा भाग यात अगदी थोडा आहे. मासा गरीला लागायचा, तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. एक म्हणजे मासा त्या जागी असला पाहिजे. दुसरी, त्याला भूक असली पाहिजे. आणि तिसरी, आमिष कोठे आहे ही बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी सहज सुचतात. तिसरी मात्र आपण विसरतो. खाडीच्या हिरवट, गढूळ पाण्यात माशाला फार लांबचे दिसत नाही. मग दूरवरच्या माशाला आमिषाची बातमी देतो कोण?

ती बातमी पाणीच नेऊन देते! पाणी वाहते तेव्हा बातमी जाते, थांबते तेव्हा बातमीही थांबते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, की भरती-ओहोटी, वारा, ऊन आणि आमिष यांचा एकमेकांशी असलेला संबंध उलगडू लागतो. वसंत ऋतूत, म्हणजे फाल्गुन ते वैशाखाच्या दिवसांत, आपल्या किनाऱ्यावर हे सारे कसे घडते ते आपण पाहू.

वसंतातली खाडी

पावसाळ्यात खाडीचे पाणी तांबडे, गढूळ आणि जवळजवळ गोडे असते. सह्याद्रीवर पडलेला पाऊस नद्यांतून खाली येतो आणि समुद्राच्या पाण्याला मागे रेटतो. पाऊस थांबल्यावर नद्या हळूहळू रोडावतात. मार्च-एप्रिलपर्यंत बहुतेक नद्यांचा प्रवाह अगदी क्षीण झालेला असतो. वरून गोडे पाणी येणे जवळजवळ थांबते; खालून खारे पाणी मात्र भरतीबरोबर दिवसातून दोनदा येतच राहते. त्यात कडक ऊन पाण्याची वाफ करून क्षार मागे ठेवते. त्यामुळे खाडीचा खारटपणा आठवड्यागणिक वाढत जातो. भर समुद्रात एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. गोव्याच्या मांडवी आणि झुवारी नद्यांच्या मुखाशी उन्हाळ्यात खारटपणा जवळजवळ तेवढाच होतो आणि खारे पाणी नदीत पुष्कळ आतपर्यंत शिरते.

याला अपवादही आहेत. चिपळूणची वाशिष्ठी नदी घ्या. कोयना प्रकल्पाच्या वीजघरांतून बाहेर पडणारे पाणी तिला मिळते. त्यामुळे भर उन्हाळ्यातही तिच्यात गोडे पाणी येत राहते. दोन शेजारच्या खाड्यांतले मासे एकाच महिन्यात वेगळे का असतात, याचे एक कारण असे एखाद्या धरणात दडलेले असू शकते!

खारटपणा वाढला, की समुद्रातले पुष्कळ मासे खाडीत आतवर येऊ लागतात. पावसाळ्यात जेथे त्यांना राहवत नव्हते, ती जागा आता त्यांना मोकळी होते. म्हणजे आपली पहिली अट, मासा जागेवर असण्याची, पुरी होते.

आता भुकेचे पाहू. मासे शीतरक्ताचे प्राणी आहेत. पाणी तापले, की त्यांचे शरीरही तापते, अन्न लवकर पचते आणि भूक लवकर लागते. फेब्रुवारीत किनाऱ्याजवळचे पाणी साधारण २७-२८ अंश सेल्सिअस असते, एप्रिल-मेमध्ये ते २९-३० अंशांपर्यंत जाते. पण येथे एक अडचण येते. पाणी जितके गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २५ अंशांच्या समुद्रजलात एका लिटरमध्ये जास्तीत जास्त पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना तो सव्वासहा मिलिग्रॅमपर्यंत उतरतो. शरीराला ऑक्सिजन अधिक हवा आणि पाण्यात तर तो कमी! म्हणून भर दुपारी उथळ पाण्यातले बरेच मासे खोल भागाकडे किंवा सावलीकडे सरकतात आणि फारशी हालचाल करत नाहीत. त्यांची जेवणाची वेळ म्हणजे पहाट आणि सांज.

वाराही याला साथ देतो. तुम्ही भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकला आहात. रात्री जमीन लवकर थंड होते आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मंद मतलई वारा वाहतो. तेव्हा किनाऱ्यालगतचे पाणी शांत असते. दहा-अकरा वाजल्यानंतर जमीन तापते, खारा वारा सुटतो आणि दुपारी त्याचा जोर वाढतो. लाटा उठतात, उथळ भागातली माती ढवळली जाते. म्हणून वसंतात गरीची सकाळ ही दुपारपेक्षा चांगली.

भरतीचे घड्याळ

पण सकाळ म्हणजे नेमके किती वाजता? हे सूर्य एकटा ठरवत नाही, त्यात चंद्राचाही वाटा असतो.

कोकणात एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल, तर चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. आणि दिवसातून दोन भरत्या येत असल्यामुळे तीच वेळ दुपारी आणि रात्री दोन्हीकडे धरायची.

हा हिशेब जमतो कसा? अमावास्येला मुंबईत भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. चंद्र रोज थोडा उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज पुढे सरकते. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत ३० तिथी होतात आणि तेवढ्या काळात भरती एकंदर २४ तास पुढे सरकून पुन्हा मूळ वेळेवर येते. आता २४ तासांचे १४४० मिनिटे करा आणि ३० ने भागा. उत्तर येते ४८ मिनिटे. जुन्या मापात २४ मिनिटांची एक घटिका, म्हणजे तिथीला बरोबर दोन घटिका! पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे हा तोंडी हिशेबाला सोपा असा जवळचा आकडा आहे. मुंबईहून दक्षिणेकडे जावे तशी भरती थोडी लवकर येते. म्हणून आपल्या गावी घड्याळ लावून दोन-चार दिवस पाहावे आणि फरक किती पडतो ते टिपून ठेवावे.

ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. या सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत नाही. चढण्याच्या एकंदर उंचीचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक, असे साधारणपणे पाणी चढते. समजा, एखाद्या दिवशी पाणी २४० सेंटिमीटर चढणार आहे. मग तासागणिक ते २०, ४०, ६०, ६०, ४० आणि २० सेंटिमीटर चढेल. मधल्या दोन तासांत निम्मे पाणी आत येते! तेव्हा प्रवाह सर्वांत जोराचा. अगदी सुरुवातीला आणि अखेरीला पाणी जवळजवळ उभे राहते.

पाणी उभे असले, की आमिषाची बातमी जागच्या जागी राहते. पाणी फार जोरात असले, तर शिसे घरंगळते, तंगूस ताणला जातो, चिखल उठतो आणि लहान मासा प्रवाहाशी झुंजण्यापेक्षा खडकाआड बसणे पसंत करतो. म्हणून साधारणपणे दुसरा आणि पाचवा तास गरीला चांगला, असे म्हणता येईल. ओहोटीलाही हाच नियम लावावा.

आता उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाणाची भरती असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची. मुंबईला मोठ्या उधाणात भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत साडेचार मीटरांहूनही अधिक फरक पडतो; गोव्याला तो दोन मीटरांच्या आसपास असतो. वसंतात यात आणखी एक भर पडते. २१ मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या दिवसांतल्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला चंद्रही विषुववृत्ताच्या जवळ असतो आणि दोघांची ओढ एका रेषेत येते. त्यामुळे ही उधाणे नेहमीपेक्षा मोठी असतात. होळी पौर्णिमेला येते आणि गुढीपाडवा अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे या दोन्ही सणांच्या सुमारास समुद्राला उधाण असतेच.

उधाण चांगले की भांग? ते मासेमारीच्या साधनावर अवलंबून आहे. डोळ जाळे म्हणजे एका जागी खुंटांना बांधलेली लांब पिशवी. प्रवाह मासळीला वाहून त्या पिशवीत आणतो. म्हणून डोळ लावणाऱ्यांना उधाणाचा जोरदार प्रवाह हवा असतो. गरीवाल्याला मात्र मधले दिवस सोयीचे पडतात. पाणी वाहते असते, पण शिसे जागेवर राहते.

बातमी पोहोचते कशी?

एक सोपा प्रयोग करा. मोठ्या परातीत दोन बोटे पाणी घेऊन ते स्थिर होऊ द्या. शाईचा एक थेंब हलकेच सोडा. तो तेथेच ढगासारखा पसरत राहील. आता परातीची एक बाजू थोडी उचलून ठेवा, वरच्या बाजूने तांब्यातून बारीक धार सोडा आणि धारेच्या जरा पुढे दुसरा थेंब टाका. शाईचा लांबच लांब पट्टा तयार होऊन खालच्या टोकापर्यंत जाईल.

पाण्यात बुडालेली कोळंबी असाच एक पट्टा सोडत असते. फक्त तो आपल्याला दिसत नाही. प्रवाहाच्या खालच्या अंगाला असलेल्या माशाला त्याचा वास लागला, की तो प्रवाहाकडे तोंड करून पोहू लागतो. वास सुटला तर तो डावी-उजवीकडे फिरून पुन्हा शोधतो. असे करत तो आमिषापर्यंत येतो. म्हणून अनुभवी माणसे माशाच्या बिळावर गरी टाकत नाहीत. बीळ जेथे असेल, त्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडून येते तिकडे, ती टाकतात. उरलेले काम पाणी करते.

माशाच्या नाकाचा श्वासाशी काही संबंध नसतो. श्वास घ्यायला कल्ले असतात. डोळ्यांच्या पुढे दोन्ही बाजूंना लहान खाचा असतात आणि बहुतेक माशांत प्रत्येक खाचेला दोन भोके असतात. पाणी पुढच्या भोकातून आत येते, घ्राणपेशींवरून जाते आणि मागच्या भोकातून बाहेर पडते. ही इंद्रिये किती तल्लख असतात म्हणाल? एक ग्रॅम द्रव्य एक लाख लिटर पाण्यात मिसळले, म्हणजे दहा हजार लिटरच्या दहा टँकरमध्ये, तरी तेवढ्याशा द्रव्याची जाणीव अनेक जातींच्या माशांना होते, असे प्रयोगांत आढळले आहे.

आमिष जवळ आले, की दुसरी इंद्रिये कामाला लागतात. माशाच्या दोन्ही अंगांवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ दिसते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. तिच्यातल्या पेशींना पाण्याची सूक्ष्म हालचाल कळते. स्वतःच्या लांबीच्या एक-दोन पट अंतरावर एखादी कोळंबी तडफडली, तरी ती माशाला अंधारातही जाणवते. शेवटी चव. आमिष तोंडात घेऊन मासा क्षणात ठरवतो की गिळायचे की थुंकायचे. तंगुसाला जो पहिला हलका झटका बसतो, तो पुष्कळदा याच परीक्षेचा असतो!

कोळंबी गोड का लागते?

आता आमिषाकडे वळू. कोळंबी, खेकडा, शिंपल्यांतले मांस, वाळूतले समुद्रकृमी ही किनाऱ्यावरची नावाजलेली आमिषे. यांत समान काय आहे? हे सगळे अपृष्ठवंशीय प्राणी आहेत, म्हणजे त्यांना पाठीचा कणा नाही. आणि येथेच सारी गंमत आहे.

खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या प्रत्येक प्राण्यापुढे एक प्रश्न असतो. कैरीला मीठ लावले की तिला पाणी सुटते, तसे समुद्राचे खारे पाणी शरीरातले पाणी ओढून घेऊ पाहते. अस्थिमय मासे समुद्राचे पाणी पितात आणि जादा क्षार कल्ल्यांतून बाहेर टाकतात. कोळंबी-शिंपल्यांसारख्या प्राण्यांच्या पेशी वेगळी युक्ती करतात. त्या आपल्यात ॲमिनो आम्ले आणि तशीच काही द्रव्ये साठवून ठेवतात. त्यामुळे पेशीच्या आतला द्रव बाहेरच्या खाऱ्या पाण्याइतकाच दाट होतो आणि पाणी बाहेर ओढले जात नाही. प्रथिने ज्या घटकांची बनतात ते घटक म्हणजे ॲमिनो आम्ले. पण येथे ती एकमेकांना जोडलेली नसतात, सुटी असतात. त्यांतले एक महत्त्वाचे द्रव्य म्हणजे ग्लायसिन. ते चवीला गोड असते. ताजी कोळंबी किंवा खेकड्याचे मांस किंचित गोडसर लागते, त्यात ग्लायसिनचा मोठा वाटा आहे.

अशी कोळंबी आपण सोलून गरीला लावली, की तुटलेल्या पेशींतली ही सुटी द्रव्ये पाण्यात झिरपू लागतात. आणि माशांची नाके व जीभ ज्या द्रव्यांना चटकन ओळखतात, ती नेमकी हीच ॲमिनो आम्ले! जे द्रव्य कोळंबीला खाऱ्या पाण्यात जगवते, तेच तिचा ठावठिकाणा तिच्या शत्रूला सांगते.

आता वसंतातल्या खाडीची आठवण करा. कोळंबी आणि शिंपल्यांच्या अनेक जातींत असे आढळले आहे, की भोवतालचे पाणी अधिक खारट झाले, की त्यांच्या पेशींतल्या सुट्या ॲमिनो आम्लांचे प्रमाणही वाढते. पावसाळ्यातल्या गोड्या खाडीपेक्षा चैत्रातल्या खारट खाडीतली कोळंबी अधिक 'बोलकी' का असावी, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पाण्यात राहून आमिष पांढरेफटक पडले, की त्यातली द्रव्ये निघून गेली असे समजावे आणि ते बदलावे. दुसरे, वसंतातल्या उन्हात आमिष लवकर नासते. ते ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावे.

जशी जागा, तसे आमिष

सगळ्या माशांना एकच पदार्थ आवडतो असे नाही. मासा जेथे राहतो, तेथे त्याला रोज जे मिळते तेच आमिष उत्तम.

पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, मुडदुशी मिळते. रुपेरी, सडपातळ, लांबट तोंडाचा हा मासा वाळूत तोंड खुपसून कृमी आणि लहान कवचधारी प्राणी टिपतो. त्याचे तोंड लहान, म्हणून गरी लहान आणि आमिषही नखाएवढे. ओहोटीला ओल्या वाळूत खणून मिळालेले कृमी, तिसऱ्यांचे मांस किंवा कोळंबीचा तुकडा त्याला चालतो. भरती सुरू झाली, की पाणी ज्या वाळूवर नव्याने चढते, तेथे तो अन्न शोधत येतो.

खडपांत तांबोशी आणि हेकरू राहतात. खडकांतल्या कपारी ही त्यांची घरे. तेथे बारीक खेकडे भरपूर, म्हणून लहान खेकडा किंवा सालीसकट कोळंबी हे त्यांचे आवडते आमिष. आमिष पकडले, की ते कपारीत शिरतात आणि तंगूस खडकाला घासून तुटतो. सांजवेळी प्रकाश बदलत असताना तांबोशी शिकारीला निघते.

तिवरांच्या खाडीत जिताडा असतो. गोव्यात आणि दक्षिण कोकणात त्याला चोणक म्हणतात. भरतीला लहान मासे आणि कोळंबी तिवरांच्या मुळांत शिरतात. ओहोटी लागली, की त्यांना अरुंद ओहोळांतून बाहेर पडावेच लागते. त्या तोंडाशी जिताडा सावलीत दबा धरून बसतो आणि एकदम तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. मेलेल्या तुकड्यापेक्षा जिवंत, हलणारी कोळंबी त्याला अधिक खुणावते. येथे पार्श्वरेषा आणि डोळे नाकाहून मोठे काम करतात.

बोय थव्याने फिरते, पाण्याबाहेर उड्या मारते, पण कोळंबीकडे सहसा ढुंकून पाहत नाही. चिखलावरचे शेवाळ आणि कुजलेले कण हे तिचे अन्न. ते दळायला तिच्या जठराचा एक भाग पक्ष्यांच्या पेषणीसारखा जाड स्नायूंचा असतो. म्हणून तिच्यासाठी बारीक गरीला कणकेची गोळी लावतात.

शिंगाळा गढूळ पाण्यातला आणि रात्रीचा. त्याच्या मिशांवर चव ओळखणाऱ्या कलिका असतात. त्या तळाशी फिरवत तो अन्न हुडकतो. तारली किंवा बांगड्याचा तेलकट, वासाचा तुकडा त्याला पुरतो. मात्र त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे विषारी असतात. त्याला गरीवरून सोडवणे हे मोठ्या माणसांचे काम. फुग्यासारखा फुगणारा केंड मासा कधीकधी आमिष कुरतडून नेतो. त्याच्या शरीरात प्राणघातक विष असते. तो खाऊ नये आणि कुत्र्या-मांजरांनाही घालू नये.

गाभोळीचा हंगाम

येथपर्यंत आपण मासा कसा लागतो ते पाहिले. पण लागलेला प्रत्येक मासा घरी न्यावा का? वसंतात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण अनेक माशांच्या पोटात याच दिवसांत गाभोळी भरू लागते. पावसाळ्याच्या तोंडाशी पुष्कळ जाती अंडी घालतात. पावसाबरोबर किनाऱ्यालगतच्या पाण्यात पोषकद्रव्ये येतात, सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि पिल्लांना अन्न मिळते.

जिताड्याचेच पाहा. हा मासा जन्मतः नर म्हणून वाढतो आणि साधारण पाच-सात वर्षांचा झाल्यावर मादी होतो! म्हणजे मोठे जिताडे बहुतेक माद्या असतात. मोठे तेवढे पकडून संपवले, तर अंडी घालायला कोणी उरत नाही. आणि लहान तेवढे पकडले, तर मोठे व्हायला कोणी उरत नाही. रायगड जिल्ह्याच्या खारेपाटात शेतकरी तळ्यांत जिताडा पाळतात. पण खाडीतला जिताडा खाडीनेच वाढवावा लागतो.

शिंगाळ्याची कथा आणखी विलक्षण आहे. मादीने घातलेली गोटीएवढी अंडी नर आपल्या तोंडात घेतो आणि पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत कित्येक दिवस सांभाळतो. या काळात तो काही खात नाही. साहजिकच असा बाप गरीला लागत नाही. जाळे मात्र उपाशी आणि भुकेला असा भेद करत नाही. १९८० च्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः कर्नाटकात, पर्ससीन जाळ्यांत अशा नरांचे थवेच्या थवे सापडले आणि त्यांच्या तोंडांतली अंडी-पिल्ले नष्ट झाली. पुढे या किनाऱ्यावर शिंगाळ्याचे उत्पादन घसरले. आमिष घेणारा मासा निवडून येतो, जाळ्यात येणारा सरसकट येतो, हा साधनांमधला मोठा फरक येथे दिसतो.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली आहे. त्याहून लहान मासळी पकडू नये, असा त्याचा अर्थ. गरीवाल्याला हा नियम पाळणे सर्वांत सोपे आहे, कारण त्याचा मासा जिवंत हाती येतो. सोडायचा असेल, तर आधी हात ओले करा. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. तो त्याचे रोगजंतूंपासून रक्षण करतो. कोरड्या हाताने तो निघून जातो. गरी काढा, मासा पाण्यात धरा आणि कल्ले हलू लागले की सोडून द्या. तुटलेला तंगूस खडकावर टाकू नका. तो कुजत नाही आणि त्यात पक्षी, खेकडे, कासवे अडकतात.

वही ठेवा

या सुट्टीत एक वही करा. तिच्यात तारीख, तिथी, पूर्ण भरतीची वेळ, पाण्याचा रंग, वारा कोठून होता, आमिष कोणते, कोणता मासा कितव्या तासाला लागला, त्याची लांबी आणि तो ठेवला की सोडला, असे रकाने आखा. ज्या दिवशी काहीच लागले नाही, तो दिवसही लिहा. तो तितकाच महत्त्वाचा आहे. किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्यांनी नदीवर किंवा तळ्यावर अशीच वही ठेवावी. तेथे भरती नसली, तरी वारा, ऊन आणि प्रवाह असतोच.

खडपावर एकट्याने जाऊ नका. जाताना मोठे माणूस बरोबर असावे आणि भरतीची वेळ आधी काढून ठेवलेली असावी. मधल्या दोन तासांत निम्मे पाणी चढते, हे आपण वर पाहिले. ओहोटीला कोरड्या असलेल्या वाटेवर तेवढ्या वेळात गळाभर पाणी होऊ शकते. लाटेकडे पाठ करून कधीही बसू नये.

महिनाभराच्या नोंदी झाल्या, की वही घेऊन गावातल्या एखाद्या जुन्या जाणत्या कोळ्याकडे किंवा गाबिताकडे जा आणि त्या वाचून दाखवा. तो तुमचे काही निष्कर्ष मान्य करील, काही खोडून काढील. जे खोडून काढील, तेथे पुढच्या वसंतात पुन्हा नोंदी घ्या.